मागची दाढ दुधाची नसते ओ!

सोलापुरात आमच्या पूर्व भागातल्या शाळेत आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, पोरांच्या तपासणीची सरकारी योजना) गाडी आलती, पोरांना आ करायला लावून दात बघितले, आणि बऱ्याच आया म्हणायल्या, दुधाचेच हायत की, पडणारच, कशाला टेन्शन! पण सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागं जी दाढ येते ना ती दुधाची नसतेच, कुठला दात न पडता गुपचूप उगवते, कायमची असते, आणि किडते पण लवकर, कारण तिच्या खाचांत बिस्किटाचा लगदा अडकून बसतो.

ही योजना 2013 पासूनची, शाळेत वर्षातनं एकदा तपासणी. चांगलंय, पण दवाखान्यात जा म्हणून दिलेल्या नुसत्या चिठ्ठीनं काय होतंय, बिडी वळणाऱ्या बाईनं रोज बुडवून दवाखान्यात कधी जायचं? मला वाटतं खाचा बुजवणारं सीलंट आणि वर्षातनं दोनदा फ्लोराइड वार्निशचा लेप शाळेतच लावावा, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही.

घरी झोपताना फ्लोराइडवाली पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या पोराला वाटाण्याएवढीच, थुंकू द्या पण लगेच खळखळून चूळ नको. आणि मिश्रीचा डबा (तंबाखूच की ती!) पोरांच्या हाताला लागू देऊ नका. गड्ड्यावरची (सिद्धेश्वराच्या जत्रेतली) मिठाई खाऊ द्या बिनधास्त, फक्त एका बैठकीत, दिवसभर चघळत नाही.