पाथवे टॉपला आला, पण कशाच्या तुलनेत?

आरएनए-सेकचा, म्हणजे कुठला जीन किती चालू आहे हे मोजणाऱ्या तंत्राचा, डेटा आला की बहुतेक लॅबमधे एकच प्रकार चालतो, कटऑफ लावून बदललेल्या जीन्सची यादी काढायची, यादीत कुठले पाथवे (एकत्र काम करणाऱ्या जीन्सचे गट) जास्त आहेत ते सांगणाऱ्या वेबसाइटवर पेस्ट करायची आणि जो रंगीत गोळ्यांचा प्लॉट येईल तो थेट स्लाइडवर. बॅकग्राउंड, म्हणजे तुलनेसाठी जीन्सचा मूळ संच, काय घेतलं विचारलं की सगळे गप्प. स्नायूचा नमुना असेल आणि बॅकग्राउंडला अख्खा जीनोम ठेवला तर स्नायूशी संबंधित पाथवे वर येणारच, कारण यादीत मुळात स्नायूत चालू असलेलेच जीन्स येऊ शकतात ना!

गटाने बघण्यात दम आहे हे मात्र खरं. 2003 मधे वामसी मूथा आणि मंडळींनी 43 पुरुषांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले, काही नॉर्मल, काही डायबेटिसवाले. एकेक जीन बघितला तर, एकदम हजारो टेस्ट केल्याबद्दलच्या करेक्शननंतर एकही टिकेना. पण मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा बनवणाऱ्या जीन्सचा गट घेतला तर जवळजवळ सगळेच जरा जरा खाली, सरासरी फक्त 20 टक्के. जीएसईए, म्हणजे जीन्स गटाने तपासायचं तंत्र, तिथूनच आलं, आणि 2005 मधे त्याची सुधारलेली आवृत्ती.

त्यात कटऑफ नसतो, सगळे जीन्स क्रमाने लावायचे, गटातला जीन आला की स्कोअर वर, नाही तर खाली, आणि मग सॅम्पलची लेबलं उलटसुलट करून तेच परत परत. आता गंमत बघा, आपल्याकडे बजेटमुळे 3 विरुद्ध 3 सॅम्पल असतात, म्हणजे लेबलं लावायच्या तऱ्हा फक्त 20, सगळ्यात छोटा पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने असं दिसायची शक्यता) 0.05, त्यात शेकडो गटांचं करेक्शन लावलं की संपलंच. म्हणून लोक लेबलांऐवजी जीन्सच उलटसुलट करतात आणि पी-व्हॅल्यू मस्त छोटे येतात. येणारच, कारण एका पाथवेतले जीन्स एकत्र वरखाली होतात आणि ते इथे मोजलंच जात नाही. 100 जीन्सचा गट, आपसातलं कोरिलेशन जेमतेम 0.05, तरी सरासरीचा व्हेरियन्स, म्हणजे चढउतार, जीन्स स्वतंत्र असते तर असता त्याच्या 1 + 99 × 0.05 म्हणजे जवळपास 6 पट!

2012 चं कॅमेरा नावाचं तंत्र हेच गणित धरून टेस्ट करतं. आर भाषेतल्या लिमा पॅकेजमधे आहे, एका ओळीत चालतं, फक्त डिफॉल्टला कोरिलेशन 0.01 धरलेलं असतं हे बघून घ्या, त्याने तोच आकडा 2 पटीवर येतो. मला ते जरा उदार वाटतं, पण जीन्स उलटसुलट करण्यापेक्षा कधीही बरं.