रोमची चर्चं, आरशाची रांग आणि सांता सबीना

सांत इग्नात्सियोच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं की नजर थेट वेदीकडे जायला हवी. माझी गेली रांगेकडे. मधल्या दालनात एक तिरका आरसा ठेवलाय, त्यात छत दिसतं आणि छताखाली आपणही दिसतो. त्या आरशासमोर पन्नासेक माणसं उभी होती. पुढे यायचं, केस सारखे करायचे, फोन धरायचा, हनुवटी वर, झालं, पुढचा. मान वर करून खरं छत बघणारं त्या रांगेत कुणी नव्हतं.

आणि छत तर असं आहे! आंद्रेआ पोत्सो हा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातला चित्रकार. चर्चवर घुमट बांधायचा ठरला होता, तो झालाच नाही. मग 1685 मध्ये पोत्सोने सपाट कापडावर घुमट रंगवून ती जागा भरून काढली. पुढे मधल्या दालनाचं सगळं छत त्यानेच रंगवलं. जमिनीवर संगमरवराची एक गोल चकती बसवलेली आहे. तिच्यावर उभं राहायचं आणि वर बघायचं. भिंतीवरचे खरे खांब जिथे संपतात तिथून रंगवलेले खांब सुरू होतात, सरळ आभाळात जातात, आणि सांधा कुठे आहे ते सापडत नाही. चकतीवरून चार पावलं बाजूला सरकलं की तेच खांब कलंडायला लागतात. म्हणजे बघणाऱ्याने कुठे उभं राहायचं ते चित्रकाराने ठरवून ठेवलंय, इतकंच नाही तर फरशीत कोरून ठेवलंय. ती चकती रिकामी होती. आम्ही दोघी आरामात तिच्यावर उभ्या राहिलो, कुणी सरका म्हणायलाही आलं नाही.

दोघी म्हणजे मी आणि सासूबाई. नवरा त्याच्या कॉन्फरन्समध्ये अडकलेला, त्यामुळे रोम आमच्या दोघींच्या वाट्याला आलं. आईंनी आयुष्यभर देवळं पाहिलीत, आणि देऊळ पाहणं म्हणजे त्यांच्या लेखी आधी देव शोधणं. पहिल्याच चर्चमध्ये त्यांनी विचारलं, "अगं, पण यांचा देव नक्की कुठे आहे? मूर्ती तर शंभर दिसतायत." मी "तो काय समोर क्रूस" असं काहीतरी पुटपुटले. त्यांना ते पटलेलं नव्हतं. रास्तच होतं.

सेंट पीटर्सने या प्रश्नाचं काहीच उत्तर दिलं नाही. सुरक्षा तपासणीच्या रांगेत उन्हात उभं राहून आत गेलो तोवर आमचे पाय बोलायला लागले होते. तिथली भव्यता मला खरं सांगायचं तर अंगावर येते. घुमटाच्या आतल्या कडेवरची अक्षरं जवळपास माणसाच्या उंचीची आहेत, हे खालून बघताना मुळीच कळत नाही. सगळंच इतकं मोठं की मोठेपणा मोजायला छोटं काही उरत नाही. एक गोष्ट मात्र चौकातच लक्षात आली. आपण जसजसे चर्चच्या जवळ जातो तसतसा तो जगप्रसिद्ध घुमट दर्शनी भिंतीमागे बुडत जातो. मायकेलअँजेलोच्या आराखड्यात क्रूसाच्या आकाराच्या इमारतीच्या चारही भुजा सारख्या होत्या आणि घुमट बरोबर मध्यावर. पुढे 1607 नंतर वास्तुकार कार्लो मादेर्नोने पुढची भुजा लांबवली, कारण मिरवणुका आत यायच्या होत्या, गर्दी मावायला हवी होती. मध्यभागी उभं राहून वर बघायची इमारत अशी दारापासून वेदीपर्यंत चालत जायची इमारत झाली. वास्तुरसिक यावरून मादेर्नोला अजून बोल लावतात. मला त्याची बाजू कळते. घुमट बाहेरून सुंदर दिसावा की लोक आत मावावेत यातलं चर्चने काय निवडायचं?

त्या दिवशीचं बाकी काही आठवत नाही. व्हॅटिकनच्या संग्रहालयात आम्ही माणसांच्या लाटेबरोबर वाहत गेलो आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडलो.

देवाचा पत्ता जेझू चर्चमध्ये लागला. हे जेझुइटांचं मूळ चर्च, 1568 मध्ये बांधायला घेतलं, आराखडा विन्योलाचा, दर्शनी भाग जाकोमो देल्ला पोर्ताचा. ट्रेंटची धर्मसभा 1563 मध्ये संपली होती, प्रोटेस्टंटांशी झगडा जोरात होता, आणि प्रवचन शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाणं ही गरज झाली होती. म्हणून इथे खांबांच्या रांगा नाहीत, बाजूची अरुंद दालनं नाहीत. एकच रुंद दालन, दोन्ही कडांना छोटी चॅपल, म्हणजे प्रार्थनेच्या खोल्या, आणि कुठेही बसा, समोर वेदी. छतावर चित्रकार बाचिच्चाने जे काही केलंय त्यात रंगवलेली माणसं चौकटीबाहेर ओघळतात, त्यांच्या सावल्या सोन्याच्या नक्षीवर पडतात. मला ते जरा अतीच वाटलं. मिठाईच्या दुकानात कोंडल्यासारखं झालं.

आम्ही बाकावर बसलेलो असताना एक म्हातारा सेवक हातात फुलदाणी घेऊन वेदीसमोरून पलीकडे निघाला. बरोबर मध्यावर आला, थांबला, फुलदाणी सावरत एक गुडघा जमिनीला टेकला, उठला आणि चालू लागला. परत येताना पुन्हा तेच. कुणी बघत नव्हतं, घाई होती, गुडघेही दुखत असावेत. आई त्याच्याकडे एकटक बघत होत्या. मग म्हणाल्या, "तो क्रूसाला नाही वाकला. त्याच्या खाली बघ."

खाली वेदीवर बंद दाराची पेटी होती, आणि जवळ एक बारीक लाल दिवा. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, अर्पण केलेली भाकर त्या पेटीत ठेवतात. कॅथलिक श्रद्धेनुसार ती नुसती आठवण किंवा खूण नाही, तिथे ख्रिस्त स्वतः असतो, आणि तो आहे हे सांगायला दिवा अखंड तेवत ठेवतात. "म्हणजे नंदादीपच की," आई म्हणाल्या, आणि त्यांचा रोमशी समेट झाला. यानंतर प्रत्येक चर्चमध्ये शिरल्या शिरल्या त्या आधी लाल दिवा शोधत. गर्दीच्या चर्चमध्ये तो बहुधा बाजूच्या एखाद्या चॅपलमध्ये सापडे, जिथे फोटो काढू देत नाहीत आणि म्हणून कुणी जातही नाही.

सान क्लेमेंतेबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्या खाली चौथ्या शतकातलं, त्याच्या खाली रोमन घरं आणि मिथ्र देवाचं तळघरातलं देवस्थान. 1857 मध्ये जोसेफ मलूली या आयरिश धर्मगुरूने खणायला सुरुवात केली म्हणून हे उघडकीला आलं. तळाशी पोचलो की अंधारात वाहत्या पाण्याचा आवाज येतो. मधल्या मजल्यावरच्या एका भित्तिचित्रात एक सरदार नोकरांना शिवी हासडतोय आणि ती शिवी इटालियनच्या अगदी जुन्या रूपात चर्चच्या भिंतीवर जशीच्या तशी लिहिलेली आहे. वरच्या चर्चमध्ये वेदीमागच्या अर्धगोलात सोनेरी मोझेक आहे: क्रूसावर बारा पारवे आणि क्रूसाच्या बुंध्यातून फुटलेली वेल, जी सगळी भिंत व्यापते. त्या वेलीच्या खालच्या अंगाला एक बाई कोंबड्यांना दाणे टाकतेय. एवढ्या थोरामोठ्या संतांच्या गर्दीत तिला आणि तिच्या कोंबड्यांना जागा देणारा कारागीर मला फार आवडला.

पण ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांता सबीना.

आव्हेंतीन टेकडीच्या पायथ्याशी दोन जुनी रोमन देवळं उभी आहेत, एक गोल, एक चौकोनी. ती बघून आम्ही चढ चढलो. सांता सबीना बाहेरून विटांचं गोदाम वाटावं इतकं साधं आहे. आईंचा चेहरा पडलेला मला दिसला. व्हरांड्यात सायप्रसच्या लाकडाचं दार आहे, पाचव्या शतकातलं. त्याच्यावरच्या कोरीव चौकटींपैकी अठरा शिल्लक आहेत. त्यातली मला हवी होती ती वर डाव्या कोपऱ्यात, उंचावर, इतकी लहान की शोधावी लागते. तीन माणसं हात फैलावून उभी, मधला मोठा, दोन्ही बाजूंचे लहान. क्रूस जवळजवळ दिसतच नाहीत, हातांच्या मागे लाकडाचा जरासा भास तेवढा. मधल्याचे डोळे उघडे. येशूला क्रूसावर दाखवणाऱ्या जगातल्या सर्वांत जुन्या प्रतिमांपैकी ही एक. रोममध्ये क्रूसावर मारणं ही गुलामांची आणि गुन्हेगारांची शिक्षा होती. आपल्या देवाला तसं मरताना कोरायला लोकांना चारशे वर्षं लागली, आणि कोरलं तेही कोपऱ्यात, क्रूस झाकून. रक्त नाही, वेदना नाही. सोन्याने मढवलेली क्रूसचित्रं दिवसभर पाहिल्यावर हे संकोचानं कोरलेलं लाकूड बघताना माझ्या पोटात काहीतरी हललं.

आत गेलो आणि दोघीही बोलायच्या थांबलो.

आत काही नाही. म्हणजे रंगवलेलं छत नाही, सोनं नाही, ढगांवरचे देवदूत नाहीत. लांबच लांब उंच दालन, दोन्ही बाजूंना बारा बारा पांढरे खांब, खांबांवर कमानी, कमानींवर रंगीत दगडांच्या जडावाची पट्टी, तिच्या वर कोरी भिंत आणि भिंतीत वर खिडक्यांची ओळ. खिडक्यांना काच नाही, सेलेनाइटचे, म्हणजे एका पारदर्शक दगडाचे, पातळ पापुद्रे बसवलेत. त्यातून ऊन गाळून येतं. उन्हाची तिरीप अशी पडतच नाही, सगळं दालन एकसारखं, दुधाळ उजळलेलं असतं. मध्यंतरी शतकानुशतकं इथेही प्लास्टर आणि सजावट चढली होती. विसाव्या शतकात आंतोनियो मुन्योसने ती उतरवली आणि खिडक्या जुन्या धर्तीवर पुन्हा बसवल्या. आज दिसतं ते किती पाचव्या शतकाचं आणि किती मुन्योसच्या आवडीचं, हा वाद होऊ शकतो. त्या बाकावर बसून मला तो घालायचा नव्हता.

खांब एकासारखे एक आहेत, उभ्या पन्हळींचे, माथ्यावर पानांची नक्षी. हे कुठल्या तरी आणखी जुन्या रोमन इमारतीतून आणलेले. आई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खाली ती देवळं पाहिली ना आपण, त्यांचे खांब बाहेरून होते. हे आतून आहेत."

मी वाचून गेले होते, तरी हे माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. रोमन देऊळ बाहेरून बघायचं असे. आत देवाची मूर्ती, मोजक्या माणसांना प्रवेश. बळी, वेदी, गर्दी सगळं उघड्यावर. ख्रिस्ती लोकांना जागा हवी होती ती सगळ्यांनी मिळून आत बसायला, ऐकायला, एका पंगतीला जेवायला. म्हणून त्यांनी देवळाचा नमुना घेतलाच नाही. घेतला तो बॅसिलिकाचा, जिथे रोमन लोक न्यायनिवाडा आणि व्यापार करत. त्यात बऱ्याचदा लांब बाजूने शिरायचं असे. यांनी दार आखूड बाजूला नेलं, वेदी समोरच्या टोकाला ठेवली, आणि मध्ये चालायची वाट तयार झाली. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटेल याची फिकीर नाही, शोभा सगळी आत आलेल्यासाठी. आईंनी बाहेर चेहरा पाडला होता तो या हिशेबाने बरोबरच होता.

दाराच्या वर, आतल्या बाजूला, निळ्यावर सोनेरी अक्षरांचा मोठा लेख आहे आणि दोन्ही टोकांना दोन स्त्रिया उभ्या आहेत: एक यहुद्यांतून आलेल्या श्रद्धावंतांचं प्रतीक, दुसरी इतरांतून आलेल्यांचं. लेखात हे चर्च उभारणाऱ्या इलिरियाच्या पीटर या धर्मगुरूबद्दल लिहिलंय, की तो गरिबांसाठी श्रीमंत आणि स्वतःपुरता गरीब होता. पाचव्या शतकातला हा देणगीदाराचा फलक. वेदीकडे जाताना तो पाठीमागे राहतो, परत फिरल्याशिवाय दिसत नाही. देणगीदारांच्या फलकांचा मला जो अनुभव आहे त्यावरून सांगते, असं ठिकाण निवडायला मन मोठं लागतं.

आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. पांढऱ्या झग्यातला एक डॉमिनिकन साधू आला, एक बाक सरळ केला आणि गेला. एक जोडपं आलं, वर बघितलं, "रिकामंच आहे" अशा अर्थाचं काहीतरी बोललं आणि निघून गेलं. त्यांना दोष देत नाही. तुम्ही सांत इग्नात्सियो आणि जेझू आधी पाहून आलात तर हे रिकामं वाटणारच. माझं म्हणणं एवढंच की जमलं तर क्रम उलटा करा, आधी इथे या. आमच्याबाबतीत क्रम हॉटेलवाल्याच्या नकाशाने ठरवला आणि त्या नकाशावर सांता सबीना नव्हतंच.

बाहेर आलो तर पुन्हा रांग! दोन मिनिटांच्या अंतरावर माल्टाच्या सरदारांच्या वाड्याचं दार आहे, त्याच्या कुलपाच्या भोकातून बघितलं की बागेतल्या कुंपणाच्या बोगद्यापलीकडे सेंट पीटर्सचा घुमट बरोबर मधोमध दिसतो. त्या भोकाला डोळा लावायला माणसं तासतासभर उभी असतात. रांगेत एक मराठी कुटुंब होतं, लहान मुलगा कंटाळून बापाच्या खांद्यावर लोंबकळत होता. मी आगाऊपणा करून सांगितलं की शेजारचं चर्च उघडं आहे, तिकीट नाही, गर्दी नाही, तोवर बघून या.

"काय आहे तिकडे?" त्या बाईंनी विचारलं.

मी दार, मोझेक, पाचवं शतक असं सुरू करणार तोच आई म्हणाल्या, "खांब आहेत. पण आतून."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि रांगेतली जागा काही सोडली नाही.