निळा चंद्र आणि दाजींचं धोंडं

भाची सुट्टीला सांगलीला आलीय आणि येताना क्लासवाल्यांनी दिलेलं इंग्लिश वाक्प्रचारांचं पुस्तक पण घेऊन आलीय, रोज दहा पाठ करायचे म्हणे. एका बाजूला इंग्लिश, समोर अर्थ, बास. पीस ऑफ केक म्हणजे सोप्पं काम. म्हटलं आपला डाव्या हातचा मळ तसलाच की, तर ईऽऽ म्हणाली. पाऊस पडला की त्यांच्याकडं कुत्री मांजरं पडतात, आपल्याकडं मुसळं, आणि २०१९ चा महापूर बघितलेल्या सांगलीकराला दोन्ही कमीच वाटतील.

गाडी अडली वन्स इन अ ब्लू मूनला. पुस्तकात अर्थ फक्त 'क्वचित'. "मामा, पण चंद्र निळा कधी होतो?" म्हटलं झालाय की, १८८३ ला क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला तेव्हा राखेमुळं लोकांना निळसर दिसला होता. पण आता ब्लू मून म्हणतात ते एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला, आणि ही व्याख्या १९४६ ला एका अमेरिकन मासिकात चुकून छापली गेली न तीच चिकटली, वाक्प्रचार त्याच्या कितीतरी आधीचा.

आई कुरडया घालता घालता ऐकत होती, म्हणाली, "म्हंजे धोंड्याचा महिना की रे."

मी हसलो आणि मग गपचूप कालनिर्णय काढलं. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस, इंग्लिश महिना ३०-३१ चा, म्हणून कधीतरी दोन पौर्णिमा मावतात. आपले बारा चांद्र महिने ३५४ दिवसांत संपतात आणि वर्ष ३६५ चं, ते अकरा दिवस साठत साठत साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो. हिशोब एकच! २०२० ला अधिक आश्विन झाला आणि ऑक्टोबरात ब्लू मून, २०२३ ला अधिक श्रावण आणि ऑगस्टात ब्लू मून, आणि यंदा २०२६ ला तर कहरच, १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आणि ३१ मेचा ब्लू मून त्याच्या आतच. फरक एवढाच की तिकडं त्याचा वाक्प्रचार झाला आणि इकडं जावयाला ३३ अनारसे.

भाचीनं वहीत अर्थ लिहिलाय, "पप्पांना आज्जीकडं चांदीचं निरांजन मिळतं तेवढ्या वेळा." मी खोडलं नाही.

संध्याकाळी दाजींना फोन लावला तर म्हणाले, ३१ ला रविवारच हाय, येतोच.