डोंगरात सापडलेलं लाकूड आणि चाकू: एका भटकंतीचा वृत्तांत

कोरण्याजोगं लाकूड हवं असेल तर ते माथ्यावर शोधू नका, ओढ्याच्या वळणावर शोधा. आम्ही धारेधारेने चढलो तेव्हा दिसलं ते एकतर भुसभुशीत, नाहीतर अजून उभ्या असलेल्या झाडाचं. उतरताना मुद्दाम ओढ्याची वाट धरली. पुराने वळणावर आणून टाकलेल्या ढिगात साल गेलेले, दगडांवर घासून गुळगुळीत झालेले तुकडे पडले होते. मऊ भाग पाण्यानेच झिजवलेला, उरलेलं ते टणक. निवडीचं निम्मं काम आयतंच झालेलं.

उचलण्याआधी तिथला नियम मात्र विचारून घ्या. अनेक राष्ट्रीय उद्यानांत पडलेली काटकीसुद्धा नेता येत नाही. परवानगी असली तरी उभं वाळलेलं झाड आणि कुजत पडलेला ओंडका तसाच राहू द्या. सुतारपक्ष्यांपासून भुंगेऱ्यांच्या अळ्यांपर्यंत बऱ्याच जणांचा मुक्काम त्यात असतो. मुठीत मावेल एवढा तुकडा मूर्तीला पुरतो, आणि तो पाठीवर आपल्यालाच वाहायचा असतो.

तुकड्यावर नख दाबून बघा. रुतलं तर परत ठेवा. बारीक भोकांतून ताजा भुसा गळत असेल तर आत किडा जिवंत आहे. वजनावरूनही कळतं: ओल्या लाकडात कोरड्या लाकडाच्या वजनाइतकं किंवा त्याहून जास्त पाणी असू शकतं.

उतारावरच्या लाकडाची एक खोड असते. कललेलं झाड स्वतःला सावरायला एका बाजूला वेगळंच लाकूड घालतं. सूचिपर्णी झाडांत ते खालच्या अंगाला, रुंदपर्णी झाडांत बहुधा वरच्या. टोकाकडून पाहिलं तर गाभा मधोमध नसतो आणि एका बाजूची वलयं रुंद दिसतात. असं लाकूड वाळताना लांबीतही आखडतं आणि पिळवटतं. बारीक चोच किंवा लांब शिंगं करायची असतील तर ते टाळा. बसकट आकृतीला चालतं, आणि बाक तर फुकटच मिळतो.

मला मिळालेल्या फांदीला फाट्यापाशी गाठ होती, मान वळवून बसलेल्या पक्ष्यासारखी. मुक्कामावर पोचल्यावर उजेड होता तोवर कोरायला बसलो. पाठीवरून चाकू सरळ उतरत होता, लांब ढलप्या निघत होत्या. गाठीजवळ आल्यावर पातं अडखळलं आणि एक तंतू उचकटून वर आला. तिथे लाकडाच्या तंतूंची रेषा गाठीला वळसा घालून जाते, म्हणजे पुढे तीच उलटी लागते. मग दुसऱ्या बाजूने, उंचावरून खोलगटाकडे, पातळ कापत आलो. गाठ डोळ्याच्या जागी ठेवली. तिच्यावर चाकू चालवण्यात शहाणपण नाही.

सामान थोडंच लागतं: आखूड, न दुमडणारा चाकू, घडीची करवत, अंगठ्याला चामड्याची टोपी, धारेचा छोटा दगड, मलमपट्टी. कुऱ्हाड नकोच. बोथट चाकू जास्त धोक्याचा, कारण जोर लावावा लागतो आणि हात घसरतो. कोपर गुडघ्यांवर टेकवून, चाकू गुडघ्यांच्या पुढे ठेवून बसा. मांडीवर धरून कधीच कोरू नका. मांडीच्या आतून मोठी धमनी जाते आणि दवाखाना काही तासांच्या चालीवर असतो. बोटं गारठली की चाकू म्यानात.

ओलं लाकूड कापायला मऊ, म्हणून डोंगरात ढोबळ आकार तेवढा काढावा, बारकावे घरी. आडव्या कापाच्या तोंडातून पाणी इतर बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने जातं, तडे तिथूनच सुरू होतात. दोन्ही टोकांना मेण लावून तुकडा कागदी पिशवीत ठेवा, सावलीत; प्लास्टिकमध्ये बुरशी येते. अख्ख्या गोल फांदीला तडा जवळजवळ ठरलेला, कारण लाकूड वलयांच्या दिशेने आखडतं ते गाभ्याच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. फांदी उभी चिरून गाभा काढून टाका, किंवा खालून पोखरा. मी पक्षी पोटाकडून पोखरला.

लाकूड ओळखता येत नसेल तर त्याचा चमचा-वाटी करू नका. कण्हेर, यू (एक सूचिपर्णी झाड) यांसारखी झाडं विषारी असतात. घासताना मास्क लावा. देशाची सीमा ओलांडायची असेल तर कच्चं लाकूड, विशेषतः सालीसकट, अडवलं जाऊ शकतं. चाकू विमानात हातातल्या सामानात चालत नाही.

शेवटी जवसाचं तेल लावलं, पातळ हात, पुसून. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. बाहेर मोकळी पसरून वाळवा, मगच फेका.