रामदासपेठेतले कोपऱ्यातले टेबल

धाकट्या भावाने त्याच्या मैत्रिणीला लग्नाचे विचारायचे ठरवले आणि ते कुठे, केव्हा, कसे विचारावे याची आखणी करायला मला सोबत घेतले, याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या आईवडिलांच्या वेळी मुलगी बघणे, कांदेपोहे, मोठ्यांची बैठक आणि मग साखरपुडा असा ठरलेला क्रम होता, आणि त्यात मुलाने मुलीला स्वतः काही विचारावे अशी जागाच नव्हती. या दोघांचे तसे नाही. भाऊ मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या नोकरीमुळे नागपुरात स्थिरावला आहे. ती मूळची यवतमाळची, इथल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. दोन्ही घरांना कल्पना होती, पण बोलणे झालेले नव्हते. ते मोठ्यांच्या हाती जाण्याआधी आपण तिला एकदा एखाद्या उत्तम ठिकाणी, निवांत जेवताना विचारावे, अशी त्याची इच्छा होती. "ताई, पैसे लागले तरी चालतील, पण तिला ते आवडलं पाहिजे," एवढेच त्याचे म्हणणे होते.

रेस्टॉरंटच्या नावांकडे वळण्याआधी मी त्याला विचारले की लग्नाचा विषय तुमच्यात नीट बोलून झाला आहे का. ती एकुलती एक आहे, आईवडिलांची जबाबदारी तिच्यावर आहे, तिला नोकरी सोडायची नाही आणि त्याला मध्येच पुण्याला बदली येऊ शकते. या गोष्टींवर दोघांचे एकमत नसेल, तर मेणबत्त्या लावलेल्या टेबलावर अंगठी पुढे करणे म्हणजे तिला न सुटलेल्या प्रश्नांसकट एका क्षणात उत्तर द्यायला लावणे होय. अचानकपणा फक्त त्या संध्याकाळपुरता असावा, प्रश्न मात्र तिला अनपेक्षित नसावा, असे माझे ठाम मत आहे. त्यांचे बोलणे झालेले होते, काही मुद्द्यांवर भांडून झालेले होते, हे ऐकल्यावरच मी पुढच्या तयारीला लागले.

हल्ली अशा प्रसंगांचे जे व्हिडिओ दिसतात त्यांत गायक गाणे थांबवून घोषणा करतो, वेटर फुलांचा गुच्छ आणि फटाकी मेणबत्ती लावलेला केक घेऊन येतात, आणि सगळे सभागृह टाळ्या वाजवते. विचारणाऱ्याला हे फार सुंदर वाटत असेल. पण जिला विचारले जाते तिच्यासाठी त्या क्षणी एकच उत्तर शिल्लक राहते. "मला थोडा वेळ हवा आहे" हे साधे वाक्य ती अनोळखी माणसांच्या नजरांसमोर उच्चारू शकत नाही. माझ्या दृष्टीने या साऱ्या नियोजनाची कसोटी एकच होती: तिला जे खरोखर वाटते ते मोकळेपणाने बोलता आले पाहिजे, मग ते होकाराचे असो वा विचार करायला वेळ मागण्याचे. टेबल, वेळ, पदार्थ, अंगठी, बिल यांविषयी आम्ही जे काही ठरवले ते याच एका गोष्टीवरून ठरवले.

तारीख ठरवताना नागपूरचे पंचांग आणि नागपूरचे राजकारण दोन्ही आडवे आले. भावाच्या मनात डिसेंबर होता, कारण इथली थंडी त्याच महिन्यात खरी लागते. परंतु १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात होते आणि ते बहुतेक वेळा डिसेंबरातच भरते. त्या दिवसांत मंत्री, आमदार, अधिकारी आणि पत्रकार शहरात असतात, चांगल्या हॉटेलांतली टेबले संध्याकाळी भरलेली असतात आणि मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडवलेले असतात. शिवाय त्याने सुचवलेला दिवस मार्गशीर्षातला गुरुवार होता. ती आणि तिची आई हे गुरुवार करतात. त्या संध्याकाळी पूजा आणि नैवेद्य झाल्यावर घरीच उपवास सुटतो. पुढे पौष. भाऊ पौष पाळत नाही आणि मीही पाळत नाही, पण तिची आजी पाळते, आणि आजीला हा दिवस पुढे आयुष्यभर आठवणार होता. म्हणून माघ उजाडल्यावर फेब्रुवारीच्या सुरुवातीचा एक मंगळवार निवडला. चौदा फेब्रुवारी जाणीवपूर्वक टाळली. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी ठरावीक मेन्यू असतो, एकाच टेबलावर एकामागून एक जोडपी बसवली जातात, आणि कॅप्टनची नजर तुमच्यावर नसून घड्याळावर असते. तिची संध्याकाळची ड्यूटी कोणत्या दिवशी नसते हे भावाला माहीत होतेच.

जागेसाठी आम्ही फुटाळ्याच्या बाजूचा विचार करून सोडून दिला, कारण तलावाकाठची संध्याकाळ कितीही रम्य असली तरी तिथे एकांत मिळत नाही. गच्चीवरची रेस्टॉरंट्स मोठ्या आवाजातल्या संगीतामुळे बाद झाली. वर्धा रोडवरच्या मोठ्या हॉटेलांतली जेवणाची दालने देखणी आहेत, पण तिथे कंपन्यांच्या पार्ट्या असतात. शेवटी रामदासपेठेतले एक लहानसे रेस्टॉरंट पसंत पडले. नागपूरकर रात्री नऊच्या सुमारास जेवायला बाहेर पडतात, त्यामुळे साडेसातचे टेबल घेतले तर पहिला दीड तास दालन जवळपास रिकामे मिळते.

फोनवर बुकिंग करणे पुरेसे नसते, असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही दोघे आधी तिथे जेवायला गेलो, त्याच वेळेला, आणि प्रत्येक रिकाम्या टेबलावर थोडा वेळ बसून पाहिले. स्वयंपाकघराच्या दारापाशी भांड्यांचा आवाज येतो. एसीच्या झोताखाली बसले की अन्न गार होते आणि खांदेही. प्रवेशद्वाराच्या समोर बसले की येणारा प्रत्येक जण तुमच्याकडे पाहतो. आम्ही निवडलेले टेबल कोपऱ्यात होते, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला खिडकी. तिला खिडकीकडे तोंड करून बसवायचे, म्हणजे दालनाकडे तिची पाठ राहील आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते फक्त त्यालाच दिसेल.

व्यवस्थापकांनी आम्हाला फुलांची कमान, केक, गिटारवादक आणि छायाचित्रकार असा संच देऊ केला. ते अगत्याने बोलत होते. आम्ही तो संच नाकारला, आणि त्याऐवजी त्यांच्याकडे तीन गोष्टी मागितल्या: त्या टेबलाकडे सबंध संध्याकाळ एकच अनुभवी माणूस असावा, कुठलीही घोषणा किंवा टाळ्या होऊ नयेत, आणि मुख्य जेवणाच्या ताटल्या उचलल्यावर भाऊ स्वतः खूण करेपर्यंत कोणीही टेबलाजवळ येऊ नये. ही तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चांगल्या रेस्टॉरंटमध्ये पाण्याचा पेला अर्धा झाला की भरायला माणूस येतो, "सगळं ठीक आहे ना" असे विचारले जाते, आणि ही तत्परताच नेमक्या वाक्याच्या मध्ये येते. हे सारे आम्ही व्यवस्थापकांना लेखी पाठवले आणि त्या दिवशी दुपारी पुन्हा फोन केला, कारण पाळी बदलली की तोंडी निरोप पुढच्या माणसापर्यंत पोहोचेलच असे नसते.

अंगठीच्या बाबतीत भावाला मोठा हिरा हवा होता. हिऱ्याची अंगठी देऊन मागणी घालणे ही युरोपातली रीत; ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने १४७७ साली बर्गंडीच्या मेरीला अशी अंगठी दिली होती, पण सर्वसामान्य घरांत ती रुजली ती विसाव्या शतकात, डी बिअर्स कंपनीच्या जाहिरातींच्या जोरावर. तेव्हा खड्याच्या आकाराचे दडपण आपण का घ्यावे, असे मी त्याला म्हटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिचे काम हातांचे आहे. ती दिवसभर रुग्णांचे सांधे आणि स्नायू हाताळते. उंच बसवलेला खडा तिच्या कामात सतत आड येईल, आणि मग अंगठी कपाटातच राहील. म्हणून लहान हिरा, भोवती सोन्याची पूर्ण कड, वरून सपाट, अशी बारीक अंगठी इतवारीच्या सराफ्यातून घेतली. १८ कॅरेटचे सोने, म्हणजे ७५० शुद्धतेचे. हिऱ्याच्या दागिन्यांना ते २२ कॅरेटपेक्षा योग्य, कारण अधिक कठीण असल्यामुळे खडा घट्ट धरून ठेवते. आतल्या बाजूला हॉलमार्कसोबत ६ अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे ना, हे पाहून घेतले आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो पडताळला. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क लागू असलेला दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. माप तिच्या मावसबहिणीने मिळवले, ती नेहमी घालते त्या अंगठीचा आतला व्यास मोजून. सबंध गोलाकार खडे असलेली अंगठी घेतली असती तर पुढे माप बदलणे अवघड गेले असते. मागची बाजू साधी असली की सराफ ती सहज लहानमोठी करू शकतो.

साखरपुड्यात दोन्ही घरच्या अंगठ्या होणारच आहेत, मग ही वेगळी कशाला, हा प्रश्न आई विचारणार हे उघड होते. माझे म्हणणे असे की ही अंगठी त्या दोघांची, आणि साखरपुड्याची दोन घरांची. ती साधी असण्याचे हेही एक कारण आहे.

अंगठी पदार्थात किंवा पेल्यात लपवण्याची कल्पना मी पहिल्याच दिवशी मोडीत काढली. ती गिळली जाऊ शकते, घशात अडकू शकते, आणि काही झाले नाही तरी क्रीमने माखलेली अंगठी पुसत बसण्यात तो क्षण जातो. डबी भावाच्याच कोटाच्या आतल्या खिशात असावी, कोणाही कर्मचाऱ्याकडे नको.

विचारायचे केव्हा, यावर आम्ही बराच खल केला. सुरुवातीलाच विचारले तर त्याच्या मनावरचे ओझे उतरते आणि दोघे सुखाने जेवतात, हे खरे. पण तिला वेळ हवा असेल, तर पुढचे दोन तास त्या मागितलेल्या वेळेसमोर बसून जेवावे लागते, आणि ते दोघांनाही जड जाईल. गोड पदार्थानंतर विचारायचे तर तोवर शेजारची टेबले भरतात. म्हणून मुख्य जेवण झाल्यानंतर आणि गोड येण्याआधी, हाच क्षण ठरला. टेबल स्वच्छ असते, पोट भरलेले असते, आणि उत्तर काहीही आले तरी तिथून उठणे दोघांच्या हाती असते. त्यासाठीच बिल आधी भरून ठेवले. रेस्टॉरंट स्वतंत्र असल्याने जीएसटी ५ टक्के लागला. खोलीचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर असणाऱ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो, आणि खर्चाचा अंदाज करताना हा फरक मोठा पडतो. सेवाशुल्क ग्राहकाच्या मर्जीवर असते, ते बिलात आपोआप लावता येत नाही. आम्ही ते न देता, त्या टेबलाकडे असणाऱ्या माणसासाठी वेगळी रक्कम पाकिटात ठेवली.

पदार्थ निवडताना हाताने खावे लागतील असे आणि फार तिखट असे टाळले. ती शाकाहारी आहे; भावाने त्या रात्रीपुरते तेच खायचे ठरवले. गोडात शेफकडे एकच विनंती केली, की संत्रे असावे. फेब्रुवारीत मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, संत्री बाजारात येऊ लागतात, आणि हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या आंबिया बहाराच्या फळापेक्षा त्यांची गोडी मला अधिक आवडते. जे फळ दोघांनी कळमन्याच्या बाजारातून पिशव्या भरून आणलेले आहे, ते त्या रात्री पानात असणे मला चॉकलेटपेक्षा किती तरी योग्य वाटले.

गुडघ्यावर बसण्याचा हट्ट भावाने सोडला नाही आणि मीही अडवले नाही. टेबल आणि भिंत यांमधली जागा पुरते का एवढे मात्र आधी पाहून ठेवले. छायाचित्रे लपून काढायची नाहीत, तिने होकार दिल्यावर तिला विचारूनच काढायची, हे त्याने मान्य केले. काय बोलायचे ते पाठ करू नकोस, पण पहिले वाक्य ठरवून जा, एवढाच सल्ला मी त्याला दिला.

ती संध्याकाळ ठरल्याप्रमाणे पार पडली. प्रश्न ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि त्या वेळात कोणीही टेबलाजवळ फिरकले नाही. मग तिने त्याला, बदली झाली तर माझ्या आईवडिलांचे काय करायचे हे आपण ठरवले होते ते तुझ्या घरी सांगशील ना, असे विचारले. त्याने हो म्हटले, आणि मग तिने हो म्हटले. गोड पदार्थ येण्याआधी तिने यवतमाळला आजीला फोन लावला. त्यानंतरच्या रविवारी आईबाबा तिच्या घरी जाऊन आले आणि साखरपुड्याची तारीख आता दोन्ही घरे मिळून पाहत आहेत. अंगठी तिला किंचित सैल होते, पण थंडीत बोटे आकसतात, एप्रिलपर्यंत थांबून मग माप घेऊ, असे सराफांनी सांगितले आहे.