रजिस्टरातली बहादूर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या समितीकडून फोन आला तेव्हा पलीकडच्या बाईंनी मला जुन्याच नावाने हाक मारली. "बहादूर, तू लिहायलाच हवंस." कागदोपत्री आडनाव कधीच बदललं, तरी शाळेत मी अजून बहादूरच आहे. त्याचा राग नाही. पण ते आडनाव मुळात माझं नव्हतं आणि ते मला कसं चिकटलं, हे माझ्या वर्गातल्याही फारशा कुणाला ठाऊक नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माझे वडील पश्चिम नेपाळातल्या अछाम जिल्ह्यातले. आमचं आडनाव बोहरा. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका सोसायटीत बा, म्हणजे वडील, वॉचमन होते, आणि नेपाळी वॉचमन म्हटलं की त्याचं नाव बहादूर, ते काही विचारून घ्यायचं नसतं. २००० साली मला पहिलीत घालायचं ठरलं. बांना देवनागरी वाचता येत होती, पण मराठी फॉर्म भरायचा धीर नव्हता. म्हणून सोसायटीतले एक काका बरोबर आले, त्यांनी फॉर्म भरला आणि त्यांना जे नाव माहीत होतं तेच लिहून मोकळे झाले. राष्ट्रीयत्व भारतीय, मातृभाषा हिंदी. जन्मस्थळ नाशिक, हा एवढा रकाना खरा होता. मी इथल्याच सिव्हिल हॉस्पिटलात जन्मले.

आम्ही राहायचो पार्किंगमध्ये, जिन्याखालच्या खोलीत. भिंतीपलीकडे पाण्याची मोटर. पहाटे बा ती चालू करायचे तेव्हा रॅकवरची भांडी थरथरायची, आणि त्या आवाजाने मला जाग यायची. माझ्या वर्गातली एक मुलगी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची, आणि इजा, म्हणजे माझी आई, तिच्याकडे धुणंभांडी करायची. परक्या देशातून आलेल्या मुलांबद्दल कुणी काही लिहिलं की त्यात भाषा, सण, जेवणखाण यांचीच चर्चा असते. मला विचाराल तर माझा पहिला प्रश्न देशाचा नव्हताच, पार्किंगचा होता. मैत्रीण जिन्याने वर जायची आणि मी जिन्याखाली. कोण कुठून आलंय हे आम्हाला दोघींनाही नीट कळत नव्हतं; कोण कुठे जातंय ते मात्र रोज दिसत होतं.

खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असायचं. मी शाळेत वेळेवर पोचावं म्हणून बांनी ते पुढे लावलंय, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. मी रोज मनात वजाबाकी करून आरामात निघायचे.

सणावारांचं म्हणाल तर फार अडलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे भाद्रपदात गौरी बसायच्या, त्याच सुमाराला आमच्याकडे गौरा. इजा कुळीथ, उडीद, वाटाणे, गहू असं कडधान्य भिजत घालायची, त्याला बिरुडा म्हणतात. काकूंनी एकदा ते पातेलं पाहिलं आणि "अगं, उसळ करतेस की काय?" म्हणून विचारलं. दसऱ्याचा त्रास थोडा जास्त होता. आमच्याकडे दही-तांदूळ आणि शेंदूर कालवून कपाळभर टिका लावतात, कानामागे जवाचे पिवळे कोंब खोचतात. ते पुसायचं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तशीच शाळेत. मुलं "दहीभात आला" म्हणून ओरडली. नेमके त्याच दिवशी आमचे गणिताचे सर टोपीत घटाचं धान खोचून आले होते. त्यांना कोण काय म्हणणार?

गॅदरिंगला मात्र दरवर्षी तेच. विविध वेशभूषा आल्या की मला गुरख्याची टोपी आणि पुठ्ठ्याची खुकरी. बाई प्रेमाने करायच्या, पुठ्ठ्याला चंदेरी कागद स्वतः चिकटवायच्या. "किती शोभतं गं तुला!" मला जिजाऊ व्हायचं होतं, निदान मावळा तरी. प्रेमाने केलेल्या गोष्टीला नाही म्हणणं फार अवघड असतं आणि माझी सगळ्यात जास्त अडचण अशा प्रेमळ माणसांनीच केली, हे मी आज जरा धीटपणे लिहिते. चिडवणाऱ्या मुलांना निदान उलट चिडवता यायचं.

याच्या अगदी उलट आमचे पी.टी.चे सर. आठवीत त्यांनी लेझीम पथक काढलं. निवडीला रांगेत उभं केलं, उंचीप्रमाणे लावलं आणि मी मधल्या रांगेत आले. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. लेझीम ज्यांनी खेळलीय त्यांना ठाऊक असेल, पहिल्या आठवड्यात अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी सोलवटते. सर सगळ्यांचे हात बघायचे, खोबरेल लावायला सांगायचे आणि पुन्हा हलगी सुरू. चार आवाजात, म्हणजे चार ठेक्यांच्या प्रकारात, माझा तिसरा हमखास चुकायचा. "ए मधली, झोपलीस का?" मी त्यांच्यासाठी दोन वर्षं "मधली"च होते. शिव्याही सगळ्यांना पडायच्या तेवढ्याच मला. त्या मैदानावर मला जेवढं मोकळं वाटलं तेवढं त्या वयात दुसरीकडे कुठेच वाटलं नाही.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २००८ मध्ये, परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन पेटलं. नाशिकमध्ये दगडफेक झाली, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले उत्तर भारतीय कामगार बायकापोरांसह हजारोंनी निघून गेले. नाशिकरोड स्टेशनवरच्या गर्दीचे फोटो रोज पेपरात. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी बांना सांगितलं, काही दिवस गेटवर बसू नको, आतच थांब. कुणीतरी म्हणालं, "अहो, हा भैया नाही, नेपाळी आहे. याला काय होणार?" तसं झालंही नाही काही. आम्ही परप्रांतीय नव्हतो, परदेशी होतो, म्हणून सुखरूप होतो! शेजारच्या साइटवरचं गोरखपूरचं कुटुंब मात्र रातोरात गेलं. त्यांची मुलगी माझ्याबरोबर पाणी भरायची. आपण वाचलो याचं हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. चौदाव्या वर्षी या दोन्हीचं काय करायचं ते कळत नाही.

मी काय केलं, तर प्रतिज्ञा म्हणायची बंद केली. सगळी नाही. "भारत माझा देश आहे. सारे भारतीय माझे बांधव आहेत," इथपर्यंत गप्प. पुढे पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्यांचा मान ठेवायची वेळ आली की मी खणखणीत आवाजात सामील. त्याला माझी हरकत नव्हती. हात पुढे केलेला, ओठ मिटलेले. असे बरेच दिवस गेले. मग एकदा परिपाठ संपल्यावर वर्गशिक्षिका बाईंनी बाजूला घेतलं.

"घसा बसलाय का?"

"नाही बाई."

"मग सुरुवातीला गप्प का असतेस?"

"बाई, ते माझ्यासाठी खरं नाहीये."

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. आता त्या पाठीवर हात ठेवतील, वसुधैव कुटुंबकम् वगैरे सांगतील, अशी माझी तयारी झाली होती. त्या म्हणाल्या, "बरं. पण नुसते ओठ तरी हलव. तुझं बघून मागची रांग गप्प बसायला लागलीय." आणि हजेरीचा मस्टर घेऊन निघून गेल्या.

मला तेव्हा भयंकर राग आला होता. माझा एवढा मोठा सत्याग्रह, आणि बाईंना रांगेची पडलीय! पण दुसऱ्या दिवसापासून ओठ हलवायला लागले, आणि पुढे कधीतरी आवाजही यायला लागला. नेमका कधी, ते सांगता येत नाही.

नववीची परीक्षा झाली आणि बांनी मला पहिल्यांदा गावी नेलं. नाशिकरोडहून दिल्ली, तिथून बसने बनबसा, शारदा नदीच्या बराजवरून पलीकडे नेपाळातली गड्डाचौकी. पलीकडे गेल्यावर बांनी माझं घड्याळ मागितलं आणि पंधरा मिनिटं पुढे केलं. नेपाळची वेळ आपल्यापुढे तेवढीच आहे. आमच्या खोलीतलं घड्याळ इतकी वर्षं गावच्या वेळेवर चालत होतं, आणि मी त्यातून वजाबाकी करत होते.

महेंद्रनगरहून पुढे डडेलधुरा, मग वळणावळणांचा घाट, साँफेबगरपर्यंत उलट्या करत. गाव त्याच्याही वर. तिकडे कामाला हिंदुस्थानात जाण्याला "काला पहाड"ला जाणं म्हणतात, आणि गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातला कुणी ना कुणी तिकडे असतोच. मी त्या काला पहाडाची मुलगी. डोटेली, म्हणजे आमची घरची भाषा, बोलायचे ती इजाच्या चुलीभोवतीची. शेतातली, जनावरांची भाषा मला येत नव्हती. चुलतभावाने एका दमात निकाल दिला, "ही इंडियन आहे." एका लग्नात बायका गोल धरून देउडा खेळायला लागल्या, मलाही ओढलं. खांद्याला खांदा, सावकाश पावलं. माझा पाय मात्र चार आवाजात पडायचा आणि अख्खं रिंगण हेंदकाळायचं. बहिणी हसून बेजार. तिसरा आवाज तिथे एकदाही चुकला नाही, हे पी.टी.च्या सरांना सांगायचं राहूनच गेलं.

परत आले ती दहावीत. बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली आणि बांनी हट्ट धरला, नाव दुरुस्त करायचं. ऑफिसातले भाऊसाहेब बऱ्याच जणांना खडूस म्हणून आठवत असतील. त्यांनी बांचे कागद मागितले. बांनी प्लॅस्टिकमध्ये घातलेली नागरिकता, म्हणजे नेपाळी नागरिकत्वाचा दाखला, काढली. नेपाळी लिपी आपलीच, त्यामुळे भाऊसाहेब भराभर वाचायला लागले आणि एकदम थबकले.

"जन्म २०२५ सालचा? म्हणजे तुम्ही अजून जन्मायचे आहात!"

तिकडे विक्रम संवत चालतो हे बांनी सांगितलं. भाऊसाहेबांनी कागदावर सत्तावन्न वजा केले, १९६८ आलं, आणि गडी खूश. त्यानंतर मात्र त्यांनी हे काम अंगावरच घेतलं. कोर्टाजवळून प्रतिज्ञापत्र करून आणायला लावलं, मुख्याध्यापकांच्या पत्रासह प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात पाठवला. शाळा सोडल्यावर दाखल्यात बदल करायचा म्हणजे जन्म जातो, म्हणून आत्ताच करा, असं ते बांना दहादा बजावायचे. मंजुरी आली तेव्हा त्यांनी मला बोलावून जनरल रजिस्टर उघडलं. बहादूरवर काट मारून लाल शाईत बोहरा, समोर मुख्याध्यापकांची सही. मातृभाषा डोटेली. राष्ट्रीयत्वाच्या रकान्याशी पेन थांबलं.

मी घाबरले होते. १ जुलै १९८७ नंतर भारतात जन्मलेल्याचे आई किंवा वडील भारतीय असावे लागतात, नुसतं नाशिकचं सिव्हिल हॉस्पिटल पुरत नाही, हे मला तेव्हाच कुणाकडून तरी कळलं होतं. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणूस इथे राहू शकतो, काम करू शकतो, हे माहीत नव्हतं. मी विचारलं, "नेपाळी लिहिलं तर परीक्षेला बसू देतील ना?"

"परीक्षेला राष्ट्रीयत्व लागत नाही, हॉल तिकीट लागतं," भाऊसाहेब म्हणाले आणि लिहून टाकलं.

नव्या आडनावाने निराळाच घोळ झाला. रविवार कारंजावरच्या दुकानदाराने मारवाडी का म्हणून विचारलं, कॉलेजात बोहरी का म्हणून. बहादूर असताना निदान एकच गैरसमज होता. डोमिसाइल मिळेना, त्यामुळे काही वाटा बंद झाल्या. मी कॉमर्स केलं, आणि आता दिंडोरीकडे एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये हिशेब सांभाळते. सीझनमध्ये कंटेनर निघायच्या दिवसांत मला फोन करू नका. बा आणि इजा सातपूरला भाड्याच्या खोलीत राहतात. बांनी रात्रपाळी सोडली. घड्याळ अजून पंधरा मिनिटं पुढेच असतं आणि आता माझा मुलगा त्यातून वजाबाकी करतो.

सुवर्णमहोत्सवाला आमच्या बॅचची लेझीम बसवायची असं व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलंय. पी.टी.चे सर येणार आहेत. तिसऱ्या मजल्यावरची मैत्रीण पुण्याहून येतेय आणि तिने आत्तापासून गुडघ्याची तक्रार सुरू केली आहे. पुढच्या दोन रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर सराव आहे. येताना खोबरेल तेलाची बाटली कुणीतरी आणा. हलगीचं मी बघते. मधल्या रांगेत माझी जागा ठरलेली आहे, तिथे कुणी उभं राहू नये.

(माजी विद्यार्थिनी, दहावी, मार्च २०१०)