मस्टँगचं घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं: टायर, चाकं आणि सस्पेन्शन

एप्रिलचा पहिला आठवडा होता, सकाळी सातच्या सुमारास इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या कॅन्टनमध्ये फोर्ड रोडवरनं आय-२७५ हायवेच्या रॅम्पवर गाडी घेतली, बाहेर चार-पाच डिग्री, रस्ता एकदम कोरडा, आणि दुसऱ्या गिअरमध्ये जरा मनापासून पाय दाबला तर मागनं धडधडधड असा आवाज आला की मला वाटलं आता डिफरन्शियलच (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) सुटून रस्त्यावर पडतंय. पाय काढला, आवाज थांबला. घरी आल्यावर गाडीखाली शिरून तासभर बघत बसलो तर सगळं जागच्या जागी. काही म्हणजे काही तुटलेलं नव्हतं.

गाडी २०१८ ची फोर्ड मस्टँग जीटी, मी २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली, सहा गिअरची मॅन्युअल, केशरी रंगाची. पाच लिटरचा व्ही ८, ४६० हॉर्सपॉवर, ४२० पाउंड-फूट टॉर्क म्हणजे आपल्या हिशोबात ५७० न्यूटन-मीटरच्या आसपास, वजन जवळपास १७०० किलो. (मस्टँगला पोनी कार म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी म्हणायचं का मसल कार म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी यावर इथली जुनी मंडळी तासन् तास वाद घालतात, मी मात्र या इंजिनाला मसलच म्हणणार.) आणि एवढं सगळं जमिनीवर उतरवायला कंपनीनं साध्या जीटीला काय दिलेलं, तर १८ इंची रीमवर २३५/५० चे (रुंदी २३५ मिलिमीटर, आणि साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत त्या रुंदीच्या ५० टक्के) ऑल सीझन टायर. म्हणजे पैलवानाच्या पायात बाटाच्या स्लिपर घालून त्याला आखाड्यात उतरवायचं!

मी पण सगळ्यांसारखी सुरुवात उलटीच करणार होतो. आधी दिसायला भारी असं चाक बघायचं, ते २० इंचाचं, मग त्यावर बसेल तो टायर, मग गाडी उंच दिसते म्हणून स्प्रिंग. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ म्हणजे हौशी गाड्यांची मिरवणूक असते, १९९५ पासून चालू आहे, तिथे मी दरवर्षी जातो आणि तिथली ती मोठ्ठाली चमचमती चाकं बघून कुणाचंही मन चळेल. पण तिथे गाड्या दहा-पंधरा मैलांच्या स्पीडने चालतात हो. माझ्या एका मित्राने त्याच्या गाडीला २० इंची चाकं लावली आणि मार्चमध्ये, म्हणजे मिशिगनमध्ये बर्फ वितळून रस्त्यांची चाळण झालेली असते तेव्हा, एकाच खड्ड्यात दोन रीम वाकल्या आणि एका टायरला हा एवढा फुगा आला. तेव्हा मी कागद घेऊन बसलो आणि सगळा हिशोब उलटा मांडला: आधी टायर ठरवायचा, मग त्या टायरला जी रीम लागते ती, आणि मग तो टायर रस्त्याला सपाट टेकवून ठेवेल एवढंच सस्पेन्शन. गाडी रस्त्याला जिथे टेकते तिथे चार तळहात मावतील एवढीच जागा असते, बाकी सगळा खर्च त्या चार तळहातांसाठी असतो.

टायर निवडताना पहिला प्रश्न ग्रीपचा नाही, हवामानाचा आहे. समर टायरचं रबर साधारण ७ डिग्रीच्या खाली कडक पडतं, ग्रीप जाते, आणि कडाक्याच्या थंडीत तर ट्रेडला म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या रबराला चिरा पडू शकतात, म्हणून शून्याखालच्या थंडीत असे टायर नुसते हलवायचे पण नसतात. माझी ही दुसरी गाडी आहे, नोव्हेंबर ते एप्रिल ती गॅरेजमध्येच असते, म्हणून मला समर टायर परवडला. ज्याची एकच गाडी आहे त्याने जुन्या १८ इंची रीमवर हिवाळी टायरचा वेगळा सेट ठेवावा, ऑल सीझनमध्ये दोन्हीकडचं अर्धं अर्धं मिळतं आणि ४६० घोड्यांना अर्धं पुरत नाही.

दुसरं म्हणजे रुंदी. बऱ्याच जणांना वाटतं की रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकलं. तसं फारसं होत नाही, हवेचा दाब तोच आणि वजन तेच असेल तर टेकणारं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, बदलतो तो आकार, लांबट पट्टा आखूड आणि रुंद होतो, वळणावर टायर कमी मुरडतो आणि उष्णता जास्त रबरात वाटली जाते. म्हणूनच रुंद टायर अरुंद रीमवर ताणून कोंबला तर सगळा फायदा मातीत, साइडवॉल डुलत राहते. मी २८५/३५ आर १९ घेतला, चारही बाजूंना एकच साइज. त्याची साइडवॉल शंभर मिलिमीटर भरते. तेवढ्याच रुंदीचा २० इंची टायर घेतला असता तर ३० च्या प्रोफाइलला ती ८५ वर आली असती, आणि हे १५ मिलिमीटर मिशिगनच्या मार्चमध्ये सोन्याच्या भावाचे आहेत. एकूण व्यास मूळ टायरपेक्षा दीड टक्का कमी, म्हणजे स्पीडोमीटर किंचित जास्त दाखवतो, ते चालतं.

टायर कुठल्या कंपनीचा म्हणाल तर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस. फोर्डने २०१८ च्या परफॉर्मन्स पॅकला म्हणजे जास्त स्पोर्टी पॅकेजला हाच दिला होता, ट्रेडवेअर (टिकाऊपणाचा आकडा, कमी म्हणजे लवकर झिजणारा) ३००. ट्रेडवेअर १८० चे, मिशेलिनच्याच कप २ सारखे टायर कोरड्या रस्त्यावर जाम चिकटतात पण पावसात मला त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नव्हता, आणि मी वर्षातनं दोन-तीन दिवस ट्रॅकवर आणि बाकीचे दिवस रस्त्यावर असतो. घेताना साइडवॉलवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मला दुकानदार चार वर्षं जुना माल नवीन म्हणून चिकटवत होता, मी तिथनं उठलो.

आता रीम. २८५/३५ ला मोजमापाची रीम (टायर कंपनी ज्या रुंदीवर टायर मोजते ती) १० इंच रुंदीची, म्हणून १९ बाय १०. बोल्ट पॅटर्न ५ बाय ११४.३ म्हणजे ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट, मधलं भोक ७०.५ मिलिमीटर, ते हबवर (गाडीचा जो भाग चाक धरतो त्यावर) नीट बसलं पाहिजे, मोठं असेल तर रिंग टाकावी लागते नाहीतर हायवेला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंग करून करून दमतो. आणि ऑफसेट, ज्यात सगळे गोंधळतात. रीमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे, ते ऑफसेट. तोच ऑफसेट ठेवून रीम एक इंच रुंद केली तर ती आत पण १२.७ मिलिमीटर सरकते आणि बाहेर पण १२.७. ऑफसेट पाचने कमी केला की अख्खं चाक पाच मिलिमीटर बाहेर येतं. आत स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा खांब) आणि बाहेर फेंडर म्हणजे मडगार्ड, या दोघांच्या मधली जागा पट्टीने मोजून हा हिशोब घरी पाच मिनिटांत होतो. या मॉडेलला १९ बाय १० ला ४० चा ऑफसेट पुढे-मागे दोन्हीकडे बसतो आणि चारही चाकं सारखी असल्याने पुढची मागे, मागची पुढे फिरवता येतात, मागचे टायर आधी गोटा होतात अशा गाडीला हा केवढा फायदा आहे. ब्रेम्बोचे ३८० मिलिमीटरवाले मोठे ब्रेक असतील तर काही १८ इंची रीम कॅलिपरला घासतात, ते आधी तपासा.

रीम कशी बनली आहे याबद्दल मी जरा जास्तच काटेकोर आहे, त्याचं कारण घरचं आहे. आमचे अण्णा कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत तीस वर्षं होते. लहानपणी रिजेक्ट झालेल्या कास्टिंगच्या ढिगाशी आम्ही खेळायचो आणि ते दाखवायचे, हे बघ, वरनं गुळगुळीत आहे ना, आणि इथे आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, मशीनवर कापल्याशिवाय दिसलं नसतं. साधी कास्ट रीम म्हणजे साच्यात ओतलेलं ॲल्युमिनियम, ताकदीसाठी जाड करावी लागते म्हणून जड. फ्लो फॉर्म्ड म्हणजे मधला भाग ओतलेला पण बाहेरचा पिंप गरम करून रोलरने दाबत ताणलेला, धातू दाटतो, पातळ असून मजबूत. फोर्ज्ड म्हणजे अख्खा गोळाच प्रेसखाली दाबून घडवलेला, सगळ्यात हलका, सगळ्यात मजबूत, आणि किमतीत माझ्या आवाक्याबाहेर. मी फ्लो फॉर्म्ड घेतली. बाथरूमच्या काट्यावर जुनं चाक टायरसकट तोललं आणि नवं पण, दोन इंच जास्त रुंद असून वजन जवळजवळ सारखंच. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, खड्ड्यावरून गेलं की तेवढं वजन शॉकअपला आवरावं लागतं, शिवाय ते फिरवायला आणि थांबवायला पण ताकद जाते, म्हणून इथले दोन पाउंड आणि डिकीतले दोन पाउंड सारखे नाहीत. कुठल्यातरी नावाची हुबेहूब नक्कल केलेली स्वस्त चाकं मिळतात, त्यांच्यावर लोड रेटिंग म्हणजे किती वजन पेलेल तो आकडा पण कोरलेला नसतो, ती कृपा करून घेऊ नका. ८० मैलांच्या स्पीडला तडा गेला तर कुणाच्या तरी घरची माणसं त्या गाडीत असतात.

नट आवळण्याबद्दल पण सांगतो. टायर बसवून घेतले त्या दुकानातल्या पोराने एअर गनने असे काही आवळले की पुढच्या वेळी खोलताना माझा एक स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तुटला. या गाडीला १५० पाउंड-फूट लागतात, टॉर्क रेंचने म्हणजे मोजून आवळायच्या पान्याने, आणि शंभर मैल झाले की परत एकदा तपासायचे. तेव्हापासून शेवटचा पाना मीच मारतो.

टायर बदलल्यावर काय झालं, तर ग्रीप वाढली आणि तो रॅम्पवरचा धडधडाट आणखी वाढला. मग कळलं की घोडं खरं कुठं पेंड खात होतं. मस्टँगला २०१४ पर्यंत मागे अखंड ॲक्सल होता (१९९९ च्या कोब्रासारखे अपवाद सोडून), २०१५ पासून सगळ्यांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं. ते ज्या फ्रेमवर बसलंय ती क्रेडल बॉडीला रबरी बुशांवर लटकवलेली आहे, आवाज कमी यावा म्हणून बुश मऊ. जोर दिला की टायर पकडतो, बुश पिळवटतात, टायर सुटतो, बुश परत उलगडतात, टायर परत पकडतो, सेकंदात कितीतरी वेळा. यालाच इथे व्हील हॉप म्हणतात आणि यात ॲक्सल तुटू शकतो. उपाय एकदम साधा निघाला, क्रेडल जखडणारे ब्रॅकेट. गाडी स्टँडवर घेऊन दोन-तीन तासांत मी घरीच बसवले, सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त हेच होतं आणि फरक मात्र असा की मी त्या रॅम्पवर मुद्दाम चार वेळा जाऊन आलो. डिफरन्शियलचा बारीक गुणगुणाट आता केबिनमध्ये येतो थोडा, मला आवडतो तो.

स्प्रिंगच्या बाबतीत सांगायचं तर गाडी खाली आणायचा मोह आवरा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, गाडी एक इंच खाली आणली की गुरुत्वमध्य एक इंच खाली येतो खरा, पण कंट्रोल आर्मचा (चाक बॉडीला जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि रोल सेंटर, म्हणजे वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो, त्याहून जास्त खाली जातं. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे बॉडीला कलंडायला लांब दांडा मिळतो, आणि नुसत्या खालच्या मऊ स्प्रिंग टाकल्या तर गाडी दिसायला रेसिंगची आणि वळणावर आधीपेक्षा वाईट. दोन इंच खाली आणलेल्या गाड्या तर सतत बंप स्टॉपवर (शॉकअप पूर्ण दबल्यावर अडवणाऱ्या रबरावर) आदळत चालतात. मी आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंग घेतल्या, साधारण एक इंच खाली, आणि त्याच्याबरोबर बिलस्टाइन बी ८ शॉकअप, ते मुळात खाली आणलेल्या गाडीसाठीच आखूड बनवलेले असतात. जुन्या शॉकअपवर नुसत्या कडक स्प्रिंग टाकल्या तर स्प्रिंग उड्या मारते आणि शॉकअपला ती आवरत नाही, हे पैसे वाचवायची जागा नाही. ज्यांच्या गाडीत मॅग्नेराइड म्हणजे आपोआप कडक-मऊ होणारे शॉकअप आहेत त्यांनी ते काढून टाकायची घाई करू नका, त्याला चालतील अशा स्प्रिंग मिळतात.

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे, ट्रॅकचे कडक स्प्रिंग-शॉकअप) का नाही घेतले असं ट्रॅकवरच्या मित्रांनी विचारलं. कारण आई. दर जूनमध्ये ती कोल्हापूरहून येते, तिच्या कमरेचा त्रास जुना आहे, आणि तिला माझ्या शेजारच्या सीटवर बसून लेक मिशिगनच्या काठाकाठाने फिरायला मनापासून आवडतं. ट्रॅकवरचे दोन सेकंद मला तिच्या त्या फेरीपेक्षा मोठे वाटत नाहीत. यंदा ती साउथ हेवनपर्यंत आली, मधे एकदाही थांब म्हणाली नाही, मी ते सर्टिफिकेट समजतो.

साउथ हेवनलाच जिंजरमन ट्रॅक आहे, तिथे सप्टेंबरमध्ये एक दिवस काढला. आदल्या आठवड्यात ब्रेक ऑइल बदललं, पॅड बदलले, थंड टायरला ३० पीएसआय हवा ठेवली, चार-पाच लॅपनंतर ती ३६ झाली. संध्याकाळी पुढच्या टायरची बाहेरची कड जास्त घासलेली दिसली, म्हणजे कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत किती कललाय ते) कमी पडतोय. या गाडीला पुढे कॅम्बर ॲडजस्ट करायची सोय कंपनीकडून येत नाही, फक्त टो म्हणजे चाकाचं पुढचं तोंड आत-बाहेर वळवायची, म्हणून कॅम्बर प्लेट टाकल्या. आता पुढे उणे १.५ डिग्री आणि टो शून्य, मागे उणे १.२ आणि किंचित टो-इन. नुसत्या ट्रॅकसाठी पुढे उणे अडीच लोक ठेवतात, पण रस्त्यावर तसं ठेवलं तर आतली कड खाल्ली जाते. अलाइनमेंट करताना मी स्वतः ड्रायव्हर सीटवर बसून राहिलो आणि टाकी अर्धी ठेवली, गाडी जशी चालते तशी मोजायला हवी ना.

वळणात शिरताना पुढचं टोक अजून थोडं बाहेर पळतं, वजन पुढे जास्त आहे त्याला काय करणार, त्यासाठी मागे ॲडजस्टेबल स्वे बार (वळणावर गाडी कलंडू न देणारा दांडा) आणलाय. तो अजून खोक्यातच आहे. काल या सिझनचा पहिला बर्फ पडला, चाकं उतरवून टायर काळ्या पिशव्यांत बांधून तळघरात रचले आणि गाडी स्टँडवर घेतली. एप्रिलमध्ये पावसाने रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं की बार बसवतो आणि सगळ्यात आधी तो फोर्ड रोडचा रॅम्प.